पाण्याच्या वाटेनं कळंब्याकडं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत 'पाण्याचा खजिना' नावाचा एक थांबा आहे. रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं की पुरतं, तो पुढं काही विचारत नाही. संस्थानी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेला कळंब्याचा तलाव बांधला गेला. त्याचं पाणी इथं आणायचं आणि इथून पेठापेठांतल्या हौदांना, नळांना द्यायचं, अशी ती व्यवस्था होती. पंप नव्हते, वीजही नव्हती. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळं पाणी उतार धरून आपसूक इथवर येई. कळंब्याला जायचं तर इथूनच निघावं आणि पाणी ज्या दिशेनं खाली आलं त्याच्या उलट वर चढत जावं. रस्त्याचा चढ डोळ्यांना फारसा जाणवत नाही. सायकलवाल्याच्या पोटऱ्यांना मात्र तो नेमका कळतो.

पूर्वी कळंब्याहून शहराकडं पाणी यायचं. आता शहरातून, आणि शहराच्याही पलीकडून, माणसं कळंब्याकडं निघालेली असतात. गारगोटी, राधानगरी, आजरा, चंदगडकडची, घाट चढून आलेली कोकणातली, निपाणी-चिकोडीची अशी पोरंपोरी शिकायला कोल्हापुरात येतात आणि त्यांतल्या अनेकांचा शहरातला पहिला पत्ता कळंबा रोडचा असतो. त्यांच्या जोडीला उद्यमनगरात नव्यानं कामाला लागलेले फिटर, बदलीवर आलेले तलाठी नि शिक्षक, वाटणी होऊन गावाकडून निघालेली नवी बिऱ्हाडं. कळंब्याचं पाणी पिऊन जुनं शहर मोठं झालं, आणि आता त्याच शहराच्या वाट्याची माणसं कळंबा सामावून घेतो आहे.

निघण्यापूर्वी जुन्या कोल्हापुरातल्या दोन जागा पाहून घ्याव्यात. कपिलतीर्थ हे एकेकाळी तळं होतं, आज तिथं भाजी मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. मोठा पाऊस झाला की या मैदानात गुडघ्याएवढं पाणी साठतं आणि दरवर्षी ते कसं काढायचं याची चर्चा होते. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं आणि वाढता वाढता त्यानं आपली बरीच तळी पोटात घेतली. रंकाळा टिकला, कळंबा टिकला. पुढं तलावापाशी पोचल्यावर ही गोष्ट पुन्हा आठवते.

मंगळवार पेठ मागं टाकून दक्षिणेकडं सरकलं की संभाजीनगरचा एसटी स्टँड लागतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात या स्टँडवर तासभर उभं राहिलं तर कळंब्याची निम्मी गोष्ट तिथंच कळते. गारगोटीकडून आलेल्या गाडीतून आधी सामान उतरतं. गुंडाळलेली गादी, पत्र्याची ट्रंक, तांदळाचं बारकं पोतं, बादलीत ठेवलेली कांदा-लसूण चटणीची बरणी. मग मुलगा किंवा मुलगी, आणि त्यांच्यामागं टोपी सावरत वडील किंवा मामा. रिक्षाचं भाडं ठरतं आणि सगळा संसार कळंबा रोडला लागतो.

पोरानं शिकण्यासाठी गाव सोडून कोल्हापुरात राहायचं, ही वहिवाट इथं सव्वाशे वर्षांची आहे. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. त्याच साली जैन बोर्डिंग झालं, १९०६ साली मुस्लिम, १९०७ साली लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांनी या संस्थांना नुसता आश्रय दिला नाही. जागा दिल्या, जमिनी दिल्या, उत्पन्नाची सोय लावून दिली. फी माफ केली तरी खेड्यातल्या शेतकऱ्याचं पोर शहरात राहणार कुठं आणि खाणार काय, हा खरा प्रश्न त्यांनी ओळखला होता. दसरा चौकात आजही त्या काळच्या बोर्डिंगांच्या इमारती उभ्या आहेत.

या बोर्डिंगांमधली एक घटना महाराष्ट्राच्या शिक्षणाला वेगळं वळण देऊन गेली. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जाऊन आला. परतल्यावर त्याला आंघोळ करून मगच पंगतीला बसायला सांगण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याचं नाव कमी झालं. पुढं १९१९ साली याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं. कोल्हापूरच्या एका खोलीतून निघावं लागलेल्या विद्यार्थ्यानं हजारो मुलांना खोल्या मिळवून दिल्या.

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं, मग अभियांत्रिकीची, फार्मसीची, व्यवस्थापनाची महाविद्यालयं आली, २००० नंतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. विद्यार्थी वाढले आणि बोर्डिंगांच्या खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. उरलेली सोय कुणी राजानं किंवा संस्थेनं केली नाही. ती केली कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, फुलेवाडी रिंग रोड या भागांतल्या घरमालकांनी, घरावर एकेक मजला चढवून. हे काम पोटापाण्यासाठी झालं आहे, त्यात भाड्याचा हिशेब आहे, सगळं खरं. तरीही कोल्हापूरच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना या वरच्या मजल्यांना एखादं पान द्यायला हवं.

कळंबा रोडनं पुढं जाताना लांबलचक उंच भिंत दिसते. हे कळंबा मध्यवर्ती कारागृह. बाहेरगावच्या माणसाला कळंबा हे नाव बहुधा याच्यामुळं वर्तमानपत्रात भेटलेलं असतं, त्यामुळं इथं घर भाड्यानं घ्यायचं म्हटलं की नातेवाईक आधी भुवया उंचावतात. राहणाऱ्यांना त्या भिंतीचं काही वाटत नाही. भिंतीसमोरून शाळेच्या व्हॅन जातात, भिंतीच्या सावलीत शहाळ्याची गाडी लागते. नव्या पाहुण्याला चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. अंबाबाईच्या देवळात भाविकांच्या हातावर पडणारा लाडवाचा प्रसाद काही वर्षं या भिंतीच्या आत तयार झाला. देवस्थान समितीनं ते काम कारागृहाला दिलं होतं आणि बंदिजनांनी, त्यांत महिलाही होत्या, ते लाडू वळले. देशभरातून आलेले लोक प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकत, आणि तो ज्या हातांनी वळला त्या हातांनाही त्याची मजुरी मिळत असे. कोल्हापूरकर हे सांगताना आवाज चढवत नाहीत. त्यांना त्यात विशेष वाटत नाही, आणि तेच विशेष आहे.

याच रस्त्यावर सरकारी आयटीआय आहे. कळंब्यातल्या भाडेकरूंमध्ये पदवीच्या पोरांइतकीच आयटीआयची पोरं आहेत, आणि त्यांची कहाणी कमी सांगितली जाते. टर्नर, फिटर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड शिकायचे आणि मग शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल यांपैकी कुठल्या तरी वसाहतीत अप्रेंटिस म्हणून लागायचं. कोल्हापूर हे फाउंड्रीचं शहर आहे. इथं ओतलेले नि यंत्रावर घासूनपुसून तयार केलेले बीडाचे भाग देशातल्या मोटारींत, ट्रॅक्टरांत, पंपांत जाऊन बसतात. सकाळी सातच्या आधी कळंबा रोडवर निळ्या नि खाकी शर्टांची जी रांग दुचाक्यांवरून निघते, ती या उद्योगाची रोजची भरती. तासाभरानं त्याच रस्त्यावर कॉलेजच्या सॅका दिसायला लागतात. सातची पाळी आणि नऊचं लेक्चर यांच्यासाठी एकच चहाची गाडी उघडी असते, आणि एका खोलीत दोन्ही प्रकारची पोरं सुखानं राहतात.

साईमंदिर आलं की कळंबा सुरू झाला असं लोक मानतात. कागदावर मात्र हे ठरवणं सोपं नाही. महसुली दप्तरात गावाचं नाव कळंबे तर्फ ठाणे, तालुका करवीर. रस्त्याकडेचा बराच भाग महापालिकेत आणि त्याला लागून असलेलं गाव ग्रामपंचायतीत. दोन्हींमधली रेघ जमिनीवर कुठंच आखलेली नाही. घरफाळ्याची पावती कुणाच्या शिक्क्याची येते, कचऱ्याची गाडी कुणाची येते, नळाला पाणी कुठल्या वेळी येतं, यावरून ती ओळखायची. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांची कार्यालयं निराळी असलेली पाहुण्याला पाहायला मिळतात.

कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका १९७२ साली झाली आणि पुढची पन्नास वर्षं शहराची हद्द जिथल्या तिथं राहिली. जवळपास ६७ चौरस किलोमीटरचं शहर, २०११च्या जनगणनेत साडेपाच लाखांची वस्ती. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरातले लोक मोर्चा काढतात आणि गावांतले लोक त्याविरुद्ध गाव बंद ठेवतात. गावांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. शहरात गेलं की घरफाळा वाढणार, शेतजमिनीवर आरक्षणं पडणार, आणि हाताशी असलेली ग्रामपंचायत जाऊन दूरचा नगरसेवक येणार. शहराचं म्हणणंही खोटं नाही, कारण गावातली माणसं रोज शहराचे रस्ते, शाळा, दवाखाने वापरतात. या भांडणावर मधला मार्ग म्हणून २०१७ साली ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्यामुळं कळंब्यातल्या घरमालकाला बांधकामाच्या परवानगीसाठी आणखी एक दार मिळालं. वाद संपला नाही.

कळंब्यातल्या खोल्या परवडतात, त्याचं मूळ या हद्दीच्या गोष्टीत आहे. शहरात जमीन संपली तेव्हा कडेच्या गावांत ती गुंठ्यानं विकायला निघाली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. नोकरदाराला, निवृत्त शिक्षकाला, सैन्यातून परत आलेल्या हवालदाराला एक-दोन गुंठे घेणं जमलं. त्यावर आधी दोन खोल्या, मग मुलाच्या लग्नाला वरचा मजला, मग कर्ज काढून त्याच्यावर आणखी एक, अशी घरं उभी राहिली. २००१ साली राज्यात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, पुढं त्याची मुदतही वाढवण्यात आली. त्या वेळची घाई गल्ल्यांच्या रुंदीत आजही दिसते. काही गल्ल्यांत टेम्पो उलटा घेता येत नाही, आणि अग्निशमनाची गाडी आत कशी येणार हा प्रश्न कुणी विचारला तर लोक क्षणभर गप्प होतात. तो प्रश्न विचारत राहायला हवा.

अशाच एका गल्लीतलं एक घर जवळून पाहण्यासारखं आहे. तळमजल्यावर दर्शनी बाजूला मालकांचं बिऱ्हाड, मागच्या बाजूला गोठा आणि त्यात दोन म्हशी. बाहेरून लोखंडी जिना वर जातो. पहिल्या मजल्यावर मुलींच्या चार खोल्या, दुसऱ्यावर एक कुटुंब. जिन्याच्या पहिल्या पायरीशेजारी भिंतीवर तेलरंगानं सूचना रंगवलेल्या आहेत: पाणी सकाळी सहा ते सात, चपला खाली काढाव्यात, भाडं पाच तारखेच्या आत. जिन्याखाली सायकली नि दोन स्कूटी, त्यांच्यापलीकडं पेंडीची पोती. वरच्या गच्चीवर वाळत घातलेले ड्रेस नि मालकिणीचे कुरडया-पापड एकाच उन्हात शेजारी शेजारी असतात.

भुदरगड तालुक्यातून आलेले एक वडील मुलीला घेऊन खोली बघायला आले होते. मालकीणबाईंनी आधी दोघांना पाणी दिलं, मग मुलीला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुठलं गाव म्हनायचं पाव्हणं तुमचं?"

गाव सांगितल्यावर त्या गावात दिलेल्या एका चुलतबहिणीचा शोध लागला आणि निम्मा व्यवहार तिथंच झाला.

"मी आदीच सांगतो," बाई म्हणाल्या, "धाला गेट बंद. लायब्रीत अभ्यास असंल तर फोन करायचा, मी उघडतो. पर फोन करायचा. आनि दूध पायजे असंल तर खालनं न्यायचं, बाहेरनं पिशवी आणायची न्हाई."

"व्हय आक्का. पोरगी पहिल्यांदाच बाहेर ऱ्हातीया."

"मग काय झालं? माझी बी पुन्याला ऱ्हातीया."

पुरुषी रूपात बोलणाऱ्या या कोल्हापुरी बायकांचा दरारा नि माया दोन्ही पहिल्या आठवड्यातच कळतात. वर राहणाऱ्या मुली त्यांना मावशी म्हणतात, त्यांच्यावर कुरकुरतात, आणि ताप आला की त्यांनाच हाक मारतात.

म्हशींचं पाहून परगावच्या माणसाला नवल वाटतं. कोल्हापुरात नवल वाटण्याचं कारण नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही लोक गिऱ्हाइकासमोर पिळलेलं धारोष्ण दूध ग्लासानं पितात. १९६३ साली स्थापन झालेल्या 'गोकुळ' दूध संघानं गावोगावच्या घरांत रोख पैसा खेळवला. कळंब्यात ऊस आणि दूध या दोन जुन्या उत्पन्नांना भाड्याचं तिसरं जोडलं गेलं आहे. मालकीणबाईंच्या हिशेबाच्या वहीत तिन्हींची पानं वेगळी आहेत. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा येतं, दुधाचं दहा दिवसांनी, भाडं मात्र पाच तारखेला. त्यामुळं घराचा हप्ता भाड्याच्या पानावर टाकलेला असतो.

करार अकरा महिन्यांचा असतो, आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांत बऱ्याचदा तो तोंडीच चालतो. याबाबतीत कायदा काय म्हणतो ते दोन्ही बाजूंनी माहीत करून घ्यायला हवं. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू आहे. त्याच्या ५५व्या कलमानुसार करार लेखी हवा आणि नोंदणी केलेलाही हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नसेल आणि वाद निघाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे तोंडी व्यवहारात धोका भाडेकरूला अधिक असतो हा समज अर्धाच खरा आहे. आता ही नोंदणी ऑनलाइनही होते. डिपॉझिटवरून होणारे बहुतेक तंटे एका कागदानं टळतील, आणि खोली सोडताना रंगाचे पैसे कुणी द्यायचे यावरून मावशी नि मुली यांच्यात कटुता यायचं कारण राहणार नाही.

खोलीनंतरचा प्रश्न जेवणाचा. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना स्वयंपाकाची मुभा नसते, त्यामुळं डबा किंवा मेस. कळंब्यात मेस चालवणाऱ्या बहुतेक बायका आहेत. नवरा कारखान्यात किंवा रिक्षावर, आणि घरच्या पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून पंधरा-वीस पोरांचं दोन वेळचं जेवण. चपात्या, एक पातळ आमटी, एक कोरडी भाजी, भात. बुधवारी अंडाकरी आणि रविवारी दुपारी मटण किंवा चिकन, त्याबरोबर तांबडा नि पांढरा रस्सा. पांढऱ्या रश्शाची वाटी पहिल्यांदा पुढं आली की कोकणातला मुलगा तो सोलकढीसारखा गट्टकन पितो आणि आतल्या मिऱ्यांनी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मेसवाल्या काकींना हे दरवर्षी जूनमध्ये पाहायला मिळतं, आणि त्या दुसरी वाटी तयारच ठेवतात.

नाश्त्याला मिसळ, सोबत पाव नाही तर ब्रेडचे स्लाइस, ही इथली रीत. कट संपला की पुन्हा मागायचा, त्याचे पैसे लागत नाहीत, हे नव्या पोरांना जुनी पोरं पहिल्याच दिवशी शिकवतात.

संध्याकाळी सहानंतर कळंब्याचा खरा गजबजाट सुरू होतो. साईमंदिरापासून रिंग रोडच्या दिशेनं झेरॉक्सची दुकानं, वडापावच्या गाड्या, मोबाइल दुरुस्ती, अभ्यासिका. अभ्यासिका ही अलीकडच्या वर्षांतली नवी गरज. एमपीएससी, पोलीस भरती, बँक, तलाठी अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं सकाळी आत जातात आणि रात्री बाहेर येतात. त्यांतली भरतीवाली मंडळी पहाटे तपोवनच्या मैदानावर धावताना दिसतात. हेच मैदान एखाद्या हंगामात कृषी प्रदर्शनाचं असतं, निवडणुकीत जाहीर सभेचं, आणि इतर वेळी ज्याला पळायचं आहे त्याचं. कळंब्याच्या पुढचं गिरगाव 'सैनिक गिरगाव' म्हणून ओळखलं जातं, त्यामुळं भरतीसाठी पळणं या रस्त्याला नवं नाही. नवं हे की आता पळणाऱ्यांत मुलीही बऱ्याच असतात.

भाडेकरू कोल्हापूरकर कधी होतो? फुटबॉलच्या हंगामात, असं एक उत्तर इथं ऐकायला मिळतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा कळंब्याच्या खोल्यांतली पोरं बाजू घेतात. गाव चंदगड असलं तरी दुसऱ्या वर्षापर्यंत पोराची एक पेठ ठरलेली असते. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला नव्या पाण्याच्या घागरी निघतात आणि पी-ढबाक वाद्याचा आवाज उपनगरांतल्या गल्ल्यांतूनही घुमतो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुली मालकीणबाईंबरोबर घागर घेऊन चालतात. नदीला आलेलं नवं पाणी देवीच्या पायरीवर ओतायचं आणि मगच ते प्यायचं, असा हा जुना रिवाज.

नव्या पाण्याचं कौतुक करणाऱ्या या शहरानं त्या पाण्याचा रागही सोसला आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेचा महापूर शहरात शिरला, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. कळंबा उंचावर. त्या दिवसांत खालच्या भागांतले नातलग, ओळखीपाळखीचे, पोरांचे वर्गमित्र इकडच्या खोल्यांत येऊन राहिल्याच्या आठवणी घरोघरी सांगितल्या जातात. उंचावरची जागा म्हणून इकडं घर शोधणाऱ्यांची त्यानंतर भर पडली. आता आणखी एक कारण जोडलं गेलं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं इथं चालणार, आणि कायमच्या इमारतीसाठी जागा शेंडा पार्कात दिली आहे. शेंडा पार्क शहराच्या याच दक्षिण अंगाला. वकील, कारकून, पक्षकार यांना खोल्या लागणार हे कळंब्यातल्या घरमालकांनी केव्हाच हेरलं आहे, आणि भाडं वाढेल या धास्तीनं विद्यार्थीही कुजबुजू लागले आहेत.

गाव ओलांडलं की रस्त्याच्या कडेला तलावाचा बांध येतो. पाण्यापलीकडं उसाची शेतं आणि त्यामागं कात्यायनीचे डोंगर. सकाळी बांधावर चालायला येणाऱ्यांची गर्दी असते: निवृत्त मंडळी, मधुमेहाचे रुग्ण, परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक घेऊन आलेली एखादी मुलगी. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की शहरातून लोक ते बघायला येतात. पावसानं ओढ दिलेल्या वर्षी तलाव आटतो, तळ उघडा पडतो, गाळाला भेगा जातात. तेव्हा गाळ काढण्याच्या मोहिमा निघतात, शेतकरी तो गाळ रानात नेऊन टाकतात.

शहराची तहान आता इतर ठिकाणांहूनही भागते. पंचगंगेतून उपसा होतो, आणि काळम्मावाडी धरणापासून पुईखडीपर्यंत सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन टाकून नोव्हेंबर २०२३मध्ये, दिवाळीच्या तोंडावर पाणी आणलं गेलं. पाहता पाहता कळंब्याचा तलाव शहराच्या आठवणीतून मागं पडेल अशी भीती वाटते. एवढं मोठं धरणाचं पाणी आल्यावर या जुन्या तलावाची काय मातब्बरी, असं कुणी म्हणू शकेल. पण कळंबा गाव हेच पाणी पितं, आणि तलावात येणारं पाणी ज्या ओढ्यांतून येतं, त्यांच्या काठावरच आता नव्या घरांचे पाये खोदले जात आहेत. घराला परवानगी एका कार्यालयाची, तलावाची मालकी दुसऱ्याची, सांडपाण्याची जबाबदारी तिसऱ्याची. खोल्या वाढाव्यात, जरूर वाढाव्यात. पोरांना राहायला जागा हवीच. मात्र त्या खोल्यांचं सांडपाणी या तलावात उतरलं, तर कपिलतीर्थाचं नि वरुणतीर्थाचं जे झालं ते इथं व्हायला फार वर्षं लागणार नाहीत. बांधाच्या आतल्या बाजूला ओढे वाहते ठेवणं आणि पाणलोटात बांधकाम होऊ न देणं ही दोन कामं पाइपलाइनच्या मानानं कितीतरी स्वस्त आहेत.

तलावाच्या पुढं गारगोटीचा रस्ता धरला की कात्यायनीचं देऊळ येतं. डोंगराच्या कुशीतली शांत जागा, झरे, दाट झाडी. तलावाला मिळणारं पाणी याच डोंगरांवरून उतरतं, आणि शहराच्या मधून वाहत पंचगंगेला मिळणारा जयंती नालाही याच अंगानं निघतो. जयंतीचं शहरातलं काळं पाणी पाहिलेल्या माणसानं इथल्या झऱ्यात हात बुडवून पाहावा.

रविवारी कात्यायनीला विद्यार्थ्यांची बरीच गर्दी असते, आणि त्याचं कारण भक्तीइतकंच व्यावहारिक आहे: रविवारी संध्याकाळी मेस बंद. दुपारच्या रश्शानंतर पोरं दुचाक्यांवरून इकडं येतात, अंधार पडायच्या आत परततात आणि मग रात्रीच्या जेवणाची जुळवाजुळव सुरू होते. एका खोलीत गावाकडून आलेले तांदूळ, दुसरीत चटणी, तिसरीत चोरून ठेवलेली इलेक्ट्रिक शेगडी. भात किती माणसांचा लावायचा यावर वाद होतो, पाणी किती घालायचं म्हणून कुणी तरी आईला फोन लावतं, आणि भुदरगडची ती नवी मुलगी खाली जाऊन मावशींकडं ताक मागते.

"एवढ्या जणींना एवढंसं भांडं?" मावशी म्हणतात. "जा, तांब्या घिऊन ये. आनि शेगडी लावलीसा न्हवं? मला वास आला. उद्या लाइट बिल बघूया."